मलकापूरचा कापूस, न्यूयॉर्कचा भाव आणि आपली घरं

दिवाळी झाली की मलकापूर तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यात जा, घराची पुढची खोली कापसाने भरलेली दिसते. माणसं ओसरीवर झोपतात, लेकरांच्या अंगाला खाज सुटते, तरी कापूस विकायला काढत नाहीत. विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "थांबा, भाव वाढंल." हा भाव वाढतो किंवा पडतो तो नेमका कुठे आणि कशामुळे, हे मात्र फार कमी घरांत बोललं जातं. जागतिकीकरण हा शब्द आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो. या लेखात तो शब्द आम्ही कापसाच्या हिशेबातून उलगडून सांगणार आहोत.

कापूस हा फक्त शेतकऱ्याचा विषय आहे, असं आपल्या मोहल्ल्यांत अनेकांना वाटतं. पण जरा मोजून बघा. जिनिंगमध्ये हंगामी कामाला जाणारी पोरं, बाजार समितीतले हमाल, गाठी वाहणारे ट्रक ड्रायव्हर, गावोगाव फिरून खेडा खरेदी करणारे छोटे व्यापारी, गाद्या भरणारे पिंजारी-मन्सुरी भाई. आणि ज्यांच्या लेकी मालेगाव, भिवंडी, बुऱ्हाणपूरला दिल्यात, त्यांचे जावई मागावर बसतात. यातलं एकही घर कापसाच्या भावातून सुटलेलं नाही.

मलकापूरला ही गोष्ट नवी नाही. नळगंगेकाठचं हे गाव खानदेशच्या फारुकी घराण्यातल्या एका शहजाद्याने वसवलं आणि शहजादीच्या, म्हणजे मलिकेच्या, नावावरून मलकापूर झालं, असं सांगतात. गावाचं नशीब मात्र रेल्वेने बदललं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि भाव कोसळले. मलकापूरच्या शेतकऱ्याने त्या युद्धात कोणाची बाजू घेतली नव्हती, पण फायदा आणि नुकसान दोन्ही त्याच्या पदरात पडलं. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली, १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाला, आणि १८७० मध्ये जलंबहून खामगावचा फाटा सुरू झाला तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्या मोठ्या साहेबाने खामगावला यावं, यावरूनच लंडनला कापसाची किती गरज होती ते कळतं. त्याच गाड्यांतून विलायती कापड उलट येऊ लागलं आणि हातमागावर बसणाऱ्यांची रोजी गेली. त्यात मोमीन बिरादरीची घरं कमी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर दार बरंचसं बंद झालं. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस सरकारलाच द्यायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. मलकापूरहून मध्य प्रदेशची हद्द जवळ, त्यामुळे रात्री-बेरात्री बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या गाड्यांचे किस्से जुनी माणसं आजही रंगवून सांगतात. १९९१ मध्ये देशाने अर्थव्यवस्था खुली केली, १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली, २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि त्याच सुमाराला एकाधिकाराची पकड सुटून खासगी व्यापारी पुन्हा उघडपणे बाजारात उतरले. त्यानंतर काही वर्षांत भारत कापसाचा मोठा निर्यातदार झाला. मग धोरणाचे धक्केही बसले. मार्च २०१२ मध्ये केंद्राने अचानक निर्यात थांबवली, ओरड झाली, आणि काही दिवसांत निर्णय फिरवावा लागला. तेवढ्या काळात ज्याला माल विकावा लागला, तो गेला.

आता हिशेब. वही-पेन घेऊन बसा, कारण सगळी मेख इथेच आहे.

एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये टाकला की साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलोच्या आसपास सरकी, आणि बाकी घट. रुईचा भाव खंडीवर बोलतात, खंडी म्हणजे ३५६ किलो. समजा रुई ५४,००० रुपये खंडी आहे. म्हणजे किलोला सुमारे १५२ रुपये, ३४ किलोचे ५,१५० च्या वर. सरकी ३५ रुपये किलो धरली तर ६४ किलोचे २,२४०. एकूण झाले ७,४०० रुपये. यातून जिनिंग-प्रेसिंगचा खर्च, भाडं, हमाली, अडत आणि जिनवाल्याचा नफा वजा करा. व्यापारी तुम्हाला ७,००० च्या आसपास का म्हणतो, ते लगेच लक्षात येईल. तो दर वेळी लुबाडतोच असं नाही. कधी कधी लुबाडतोही, पण ते ओळखायलाही हा हिशेब यावा लागतो.

मग रुईचे ५४,००० कोण ठरवतं? न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा भाव पौंडाला सेंटमध्ये निघतो. खंडीत सुमारे ७८५ पौंड भरतात. समजा तिथे भाव ७० सेंट आणि डॉलर ८५ रुपयांना. खंडी पडली साधारण ४६,७०० रुपयांना, अधिक जहाजाचं भाडं आणि इतर खर्च. आपल्या सूतगिरणीच्या मालकासमोर दोन रस्ते असतात, मलकापूरची गाठ घ्यायची की अमेरिका, ब्राझील नाहीतर आफ्रिकेची. मधे आडवी असते ती आयात शुल्काची भिंत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने ती एकूण ११ टक्क्यांची बांधली. ११ टक्के म्हणजे आपल्या उदाहरणात खंडीला पाच हजारांवर फरक. १९ ऑगस्ट २०२५ ला ही भिंत काढली गेली, आधी सप्टेंबरअखेर आणि मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. म्हणजे आपल्याकडे वेचणी सुरू होऊन बाजारात माल यायच्या ऐन मोसमात.

रुई खंडीमागे ४,००० ने उतरली की कापूस क्विंटलमागे सुमारे ३८० रुपयांनी उतरतो. वीस क्विंटलवाल्या घराचे साडेसात हजार गेले. इतक्यात एका पोराची कॉलेजची फी निघते.

आता दुसरी बाजू, आणि ही आमच्या वाचकांना जास्त जवळची. हे शुल्क काढा म्हणून कापड उद्योगानेच मागणी केली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के कर लावला. तयार कपड्यांच्या ऑर्डरी अडकल्या. त्याची झळ सूतगिरणीला लागते, आणि मागवाला त्या साखळीच्या टोकाला उभा असतो. मालेगाव-भिवंडीच्या मागवाल्याला सूत स्वस्त हवं. त्याचं सूत महागलं आणि कापडाला भाव मिळाला नाही की तो माग बंद ठेवतो, आणि रोजंदारीवरचा कारागीर घरी बसतो. मलकापूरचे मामू शुल्क लावा म्हणतात, मालेगावचे जावई शुल्क काढा म्हणतात, आणि दस्तरखानावर दोघं समोरासमोर बसतात. दोघंही खरं बोलतात. आमचं मत विचाराल तर शुल्क लावायचं की काढायचं यापेक्षा ते कधी हे महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये शेतकऱ्याकडचा माल संपलेला असतो, तेव्हा आयात खुली केली तर मागवाल्याला आधार मिळतो आणि शेतकऱ्याचं फारसं बिघडत नाही. वेचणीच्या तोंडावर ती खुली करणं म्हणजे एका भावाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढणं.

सरकीकडे तर कोणी बघतच नाही, आणि वजनात दोन तृतीयांश तीच असते. सरकीचं तेल बाजारात पामतेलाशी टक्कर घेतं, आणि पामतेल येतं इंडोनेशिया-मलेशियातून. कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवून २७.५ टक्के केलं, मे २०२५ च्या शेवटी १६.५ वर आणलं. कढईतलं तेल स्वस्त झालं म्हणून घरची बाई खूश होते, त्याच घरच्या कापसाचा भाव त्यामुळे दबतो. सरकी किलोला पाच रुपयांनी पडली तर क्विंटल कापसामागे ३२० रुपये जातात.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचा कापूस एवढ्या दुरून येऊन स्वस्त कसा? मोठमोठी शेतं, वेचणीची यंत्रं, आणि वर सरकारी अनुदान. या अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन मामला मिटवला. पश्चिम आफ्रिकेतले माली, बुर्किना फासो, चाड आणि बेनिन हे चार गरीब देश २००३ पासून हीच फिर्याद घेऊन उभे आहेत. मालीचा शेतकरीही आपल्यासारखाच कोरडवाहू, थोड्या जमिनीचा. त्याच्याकडे ब्राझीलसारखे वकील नाहीत, एवढाच फरक.

आपल्याकडे आधार आहे तो हमीभावाचा. २०२५-२६ साठी लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये. वरच्या हिशेबाशी ताडून बघा, बाजार आणि हमीभाव यांत हजाराची दरी पडू शकते. म्हणून सीसीआयच्या केंद्रावर रांगा लागतात. तिथे ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्यावर खरेदीच नाही. पहाटे दवात वेचलेला कापूस थेट गाडीत भरू नका, दोन-तीन दिवस उन्हात पसरा. २०२५ पासून 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते, आधार आणि सातबारा लागतो.

आणि इथेच आपल्यातली अनेक घरं अडतात. ज्यांची स्वतःची जमीन नाही, जे ठोक्याने किंवा बटईने करतात, त्यांच्या नावावर सातबारा कुठून येणार? आमच्या ओळखीतल्या एका चाचांनी यंदा सहा एकर ठोक्याने केलं, ठोक्याचे पैसे आधीच मोजून दिले. कापूस चांगला आला. केंद्रावर त्यांना उभं केलं नाही. मूळ मालकाच्या नावावर घालावा, तर पैसे त्याच्या खात्यात जाणार. मालक भला असेल तर मिळतील. शेवटी खेडा खरेदीवाल्याला दिला, हमीभावापेक्षा हजाराने कमी. ठोका करताना कागद करा, निदान मालकाचं संमतीपत्र घ्या आणि ई-पीक पाहणी वेळेत करून घ्या, असं आम्ही सांगतो. पण कागद केला तर जमीन आपली राहणार नाही, अशी भीती मालकाला असते, हेही खरं आहे. यावर सरकारनेच मार्ग काढायला हवा.

खेडा खरेदी करणाऱ्या आपल्या पोरांसाठी दोन शब्द. सकाळी गावात भाव बोलता, संध्याकाळी जिनिंगवर पोहोचेपर्यंत रुई पाचशेने उतरलेली असते, आणि दिवसाची मेहनत पाण्यात जाते. निघण्याआधी मोबाईलवर रुई, सरकी आणि डॉलर, तिन्ही बघा. हे बघता बघता काहीजण वायदे बाजारात पैसे लावू लागलेत. हातात माल असलेल्या व्यापाऱ्याने नुकसान टाळायला सौदा करणं वेगळं, आणि हातात बोंडही नसताना भाव वर जाईल की खाली यावर पैसे लावणं वेगळं. दुसऱ्याला आमच्याकडे साधा शब्द आहे, सट्टा. पहिल्याबद्दलही मनात शंका असेल तर आलिमांना विचारा, पण दलालाच्या सल्ल्याने उतरू नका.

पिंजारी भाईंचं राहिलं. धनुकली गेली, पिंजण्याची मशीन आली, आता फोमच्या गाद्या दारोदार हप्त्यावर मिळतात. तरी लग्नसराईत कापसाची गादी-रजई मागणारी घरं मलकापुरात अजून आहेत, आणि रुई उतरली की या धंद्याला फायदा होतो.

३१ डिसेंबर २०२५ ही शुल्कमाफीची मुदत होती. अशी मुदत वाढवली की आयातीचा माल येत राहतो आणि घरात भरून ठेवलेला कापूस पडून राहतो. नाही वाढवली तर थोडी तेजी येऊ शकते, फार नाही, कारण गिरण्यांनी गोदामं आधीच भरून ठेवलेली असतात. सगळा कापूस एकाच दिवसाच्या भरवशावर ठेवू नका. देणी असतील तेवढा आता काढा, बाकीचा थांबवा, आणि लेकरांना त्या खोलीत झोपवू नका.