एका बाराची बंदूक

१९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलम परवाना कोणाला द्यावा हे सांगते. संरक्षणासाठी किंवा क्रीडेसाठी किमान २० इंच लांबीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक चालेल, असे त्यात म्हटले आहे. त्याच वाक्यात पुढे पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचे नाव येते. राखणीला ठासणी पुरणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच शेतकऱ्याला दुसऱ्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. दोन महायुद्धे होऊन गेली होती, सैन्याकडे स्वयंचलित हत्यारे आली होती, आणि तरीही स्वतंत्र भारताच्या संसदेने तोंडाकडून भरायची बंदूक शेतकऱ्यासाठी मुद्दाम राखून ठेवली. नाशिक जिल्ह्यातल्या हरणांची आणि बंदुकीची गोष्ट सांगायची, तर मला ती या वाक्यापासूनच सांगावीशी वाटते.

संसदेने हीच बंदूक का निवडली असावी, हे तिचा बार भरताना पाहिले की कळते. आधी ठासायचा गज नळीत घालून तो किती खोल जातो ते बघायचे. बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही, गजच सांगतो. म्हणून जुन्या हातांच्या गजावर दोन खुणा असत, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. मग चिंधीने आतले तेल पुसून काढायचे, कारण तेलाने दारू भिजते. रिकाम्या बंदुकीवर आघाताने पेटणारी एखादी टोपी उडवून कानाची, म्हणजे ठिणगी आत जायच्या छिद्राची, वाट मोकळी आणि कोरडी करायची. दारू शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, मापात घेऊन ओतायची. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल, तर मापातली दारू भडकेल, पण हातातले शिंग वाचेल. त्यावर चिंधीत गुंडाळलेली गोळी किंवा छर्रे, आणि मग गजाने तळापर्यंत ठासायचे. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. तोंड सुरक्षित दिशेला वळवल्यावर अगदी शेवटी टोपी बसवायची. एवढे सगळे होते तेव्हा हातात एक बार येतो. नेम चुकला तर ठासणी पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर जनावर डोंगराआड. शेताच्या बांधावर आवाज करून कळप हाकलायला ही बंदूक पुरते, दंगलीला पुरत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात हेच असावे असे मला वाटते.

बार उडाल्यावरचे कामही तितकेच असते. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर वायू न होता राखेसारखा उरतो; त्यातला काही धुरातून बाहेर जातो, काही नळीतच राहतो. ही राख हवेतली ओल धरते आणि लोखंड खाते. त्यासाठी नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून, मग तेलाचा हात द्यावा लागतो. इगतपुरी-पेठकडच्या पावसात चार महिने ठेवलेल्या बंदुकीचे काय होत असेल, याचा विचार केला की खंडेनवमीच्या शस्त्रपूजेकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. पावसाळा सरे, वाटा उघडत, मोहिमा आणि शिकारी सुरू होत, आणि त्याआधी हत्यारे घासूनपुसून मांडली जात. पूजेमागे श्रद्धा आहेच, पण गंज काढायची हीच वेळ असे.

ही बंदूक एका दिवसात घडली नाही. आधी तोड्याची होती. पेटता तोडा रंजकात, म्हणजे कानावरच्या दारूत, टेकवायचा, मग बार. १८१८ मध्ये पेशवाई संपताना मालेगावच्या किल्ल्यातले अरब शिपाई जूनपर्यंत लढले, ते अशाच बंदुकांच्या जमान्यात. तोड्यानंतर चकमक आली. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या चापाचे पेटंट घेतले. तो पक्ष्यांचा शिकारी होता. चकमकीचा भडका दिसताच पक्षी उडून जात, त्यावर त्याने हा उपाय शोधला. पुढे त्यातूनच टोपीची बंदूक आली. म्हणजे आपल्याकडे राखणीची म्हणून राहिलेली बंदूक मुळात एका शिकाऱ्याच्या अडचणीतून सुधारली गेली होती.

त्यानंतर आली आट्यांची नळी. गुळगुळीत नळीची गोळी पन्नास-साठ पावलांपुढे भरवशाची नसे. मळसूत्री आट्यांमुळे गोळी फिरत जाते आणि नेम टिकतो, पण आट्यांत घट्ट बसणारी गोळी ठासायला वेळ लागे. १८४९ च्या मिनिए गोळीने ही अडचण सोडवली. तिचा तळ पोकळ, त्यामुळे ती सैलसर आत जाई आणि बार उडताच फुगून आट्यांना घट्ट बसे. १८५३ ची एन्फील्ड याच तत्त्वावर चाले. तिच्या काडतुसाच्या चरबीवरून पेटलेला १८५७ चा वणवा सगळ्यांना ठाऊक आहे. नाशिक-नगरच्या हद्दीवरही त्याच साली ठिणगी पडली. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा पोलीस अधिकारी मारला गेला. उठाव शमल्यावर सरकारने लोकांची हत्यारे काढून घेण्याचे धोरण धरले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने तर परवान्याशिवाय बंदूक ठेवणेच गुन्हा ठरवले. कोडगूच्या लोकांना मात्र सूट राहिली. पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेले हत्यार रातोरात बेकायदा ठरणे ही नाशिकच्या डोंगरी पट्ट्यातल्या माणसांसाठी लहान गोष्ट नव्हती.

हरणांच्या शिकारीला मात्र ही बंदूक कधीच सोयीची नव्हती. काळवीट उघड्या माळावर राहते. दूरचे पाहते आणि पाहताच उधळते. म्हणून फासेपारध्यांचे फासे आणि जाळी जास्त चालत. इंग्रजी अंमलात शिकाऱ्यांच्या बंदुका वाढल्या तसे कळप घटत गेले. १९१२ च्या कायद्याने पशुपक्ष्यांसाठी बंदीचा काळ ठरवायचा अधिकार प्रांतांना दिला. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत आजही हरणांच्या शिकारीत ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळे दिवस राखलेले असतात, कारण तिचा एकच बार जनावराला पळायची संधी देतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपवले. नाशिकमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम नाही, आणि तो नसणेच योग्य आहे.

पण शेताच्या बांधावर दोन कायदे समोरासमोर येतात. १९५९ चा कायदा पिकासाठी ठासणीची बंदूक देतो. १९७२ चा कायदा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला पिकाच्या नुकसानीसाठी मारू देत नाही. तो प्राणी माणसाच्या जिवाला धोका ठरला किंवा बरा होण्यापलीकडे गेला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक परवानगी देऊ शकतात. २०१५ च्या शासन निर्णयाने रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत शेतकऱ्याला परवानगीची वाट खुली केली, काळवीट त्यात नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेती संरक्षणाच्या बंदुका डुकरांसाठी असतात आणि निवडणुका आल्या की पोलीस ठाण्यात जमा होतात. नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या काळविटांच्या माळावर मात्र त्या बंदुकीला लक्ष्यच उरत नाही.

येवला तालुक्यातल्या ममदापूर, राजापूर, देवदरी, खरवंडी या गावांच्या माळावर काळवीट आहेत. २०१४ मध्ये ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. उन्हाळ्यात पाणी आटले की हरणे वस्तीकडे येतात, कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, रस्त्यावर गाडीखाली येतात. पेरणीनंतर कोवळा मका, हरभरा, कांद्याची पात त्यांच्या तोंडी जाते. मी या शेतकऱ्याच्या बाजूने उभा आहे, आणि हरणांच्याही. बंदूक खाली ठेवायला लावणाऱ्या राज्याने तिच्या जागी काय दिले, हा प्रश्न विचारायलाच हवा. वनखात्याची नुकसानभरपाई हे त्याचे उत्तर आहे, पण कागदावर मंजूर झालेली रक्कम पुढच्या बियाण्याच्या वेळेआधी हातात पडली, तरच ते उत्तर ठरेल. पाणवठे माळावर, शेतापासून लांब भरले जावेत आणि विहिरींना कठडे बांधले जावेत. आणि पंचनामा लवकर व्हावा. हरणाने कोवळे पीक खाल्ले की शेतकरी त्याच ओळीत पुन्हा बी टाकतो, आणि नवे कोंब वर आले की पाहायला आलेल्या माणसाला दाखवायला नुकसान उरत नाही.