कर्ज, बेकारी आणि आत्महत्येचा धोका

‘कर्जाला कंटाळून जीवन संपविले’ हे शीर्षक वृत्तसंपादनाच्या टेबलावर इतक्यांदा येते की, ते देताना हात थांबत नाही. वास्तविक तो थांबायला हवा. आर्थिक अस्थैर्य आणि आत्महत्या यांचा संबंध निश्चितच आहे. मात्र तो शीर्षकात दिसतो तितका सरळ नाही.

निव्वळ गरिबी माणसाला या टोकाला नेत नाही, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांनी १८९७ सालीच मांडले होते. घडी बसलेले आयुष्य एकाएकी विस्कटते, तेव्हा धोका वाढतो. याचा ठळक दाखला जपानमध्ये सापडतो. नोव्हेंबर १९९७ मध्ये तेथे होक्काइदो ताकुशोकू बँक आणि यामाइची सिक्युरिटीज ही शंभर वर्षांची जुनी पेढी एका महिन्यात कोसळली. बँकांनी हात आखडता घेतला, लहान कारखानदार व दुकानदार अडचणीत आले. १९९७ मध्ये त्या देशात २४,३९१ आत्महत्या नोंदल्या गेल्या होत्या. १९९८ मध्ये हा आकडा ३२,८६३ झाला आणि २०११ पर्यंत तीस हजारांच्या खाली उतरला नाही. वाढीत मोठा वाटा मध्यमवयीन पुरुषांचा होता. धंदा बुडाला की जामीन राहिलेले नातलगही बुडत. त्यामुळे कर्जाच्या ओझ्यावर लाजेचे ओझे चढत असे, आणि ते अधिक जड असते.

जपानने हा प्रश्न केवळ मनोविकारतज्ज्ञांवर सोपविला नाही. २००६ मध्ये आत्महत्या प्रतिबंधाचा मूलभूत कायदा झाला. सावकारी कंपन्यांवरील कायदा बदलून २०१० पासून व्याजदराला सुमारे २० टक्क्यांची मर्यादा घातली गेली आणि वार्षिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशाहून अधिक विनातारण कर्ज देण्यास या कंपन्यांना मनाई झाली. २०१२ मध्ये आकडा तीस हजारांखाली आला, २०१९ मध्ये तो वीस हजारांच्या आसपास होता. या घसरणीचे सारे श्रेय कायद्यांना देता येणार नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे. युरोपातील २६ देशांच्या १९७० ते २००७ या काळातील आकडेवारीचा २००९ मधील अभ्यासही हेच सांगतो. बेकारी एक टक्क्याने वाढली की ६५ वर्षांखालील लोकांच्या आत्महत्या सुमारे ०.८ टक्क्याने वाढत. पण बेकारांना पुन्हा कामाला लावण्यावर सरकार जिथे अधिक खर्च करी, तिथे हा परिणाम क्षीण होई. फिनलंडमध्ये नव्वदच्या दशकारंभी बेकारी कित्येक पटींनी वाढली, तरी आत्महत्या घटल्या.

आपल्याकडची आकडेवारी जपून वाचावी लागते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी ‘कर्जबाजारीपणा’ हे कारण अवघ्या ४.१ टक्के प्रकरणांत, तर ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के प्रकरणांत दिसते. पोलिसांच्या तक्त्यात माणसागणिक एकच कारण मावते. हप्ता थकल्याने घरात रोज खटके उडत असतील, तर ते प्रकरण कोणत्या रकान्यात जाणार? त्याच अहवालात मृतांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक रोजंदारीवरील होते.

गोमंतकीयांना हे परके वाटू नये. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि हप्ते मात्र चालूच राहिले. खाण अवलंबितांसाठी सरकारला कर्जफेडीची योजना आणावी लागली. अशा योजनेकडे आपण अर्थकारण वा राजकारण म्हणून पाहतो. ती आरोग्ययोजनाही असते, हे सहसा कोणी म्हणत नाही.

कर्जात बुडालेली बहुसंख्य माणसे आत्महत्येचा विचार न करता त्यातून बाहेर पडतात, हेही तितकेच खरे. थकलेले कर्ज बँकेशी बोलून नव्याने बांधून घेता येते. घरातला कोणी झोप हरवून बसला, माणसे टाळू लागला, ‘मी नसलो तर तुमचे बरे होईल’ असे बोलू लागला, तर त्याला आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा गैरसमज आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. तो दूरध्वनी कर्जदारानेच करावा असे नाही. त्याची काळजी वाटणाऱ्या पत्नीने, भावाने वा शेजाऱ्यानेही करावा.