अंतराळवीराची तालीम

अंतराळवीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो धगधगता अग्निबाण आणि त्याच्या टोकाशी बसलेला निर्भय पुरुष. हे चित्र खोटे नाही; पण अपुरे आहे. कोल्हापूरकरांना याचे कारण फोडून सांगावयास नको. खासबागेतली कुस्ती कधी पाच मिनिटांत निकालात निघते. परंतु त्या पाच मिनिटांमागे तांबड्या मातीत घालविलेली वर्षे असतात.

राकेश शर्मा यांचेच उदाहरण घेऊ. १९४९ साली पतियाळा येथे जन्मलेले शर्मा १९६६ मध्ये आपल्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले. १९७० साली ते हवाई दलात वैमानिक झाले, आणि पुढल्याच वर्षीच्या युद्धात त्यांनी मिग-२१ विमानातून एकवीस वेळा झुंज घेतली. १९८२ मध्ये अंतराळासाठी त्यांची निवड झाली. ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ यानाने त्यांनी बैकानूरहून उड्डाण केले. एकूण प्रवास ७ दिवस, २१ तास, ४० मिनिटांचा! अठरा वर्षांच्या साधनेला आठ दिवसांचेही फळ नाही.

मग लष्करी वैमानिकच का? रशियाने गागारिन यांना आणि अमेरिकेने आपल्या पहिल्या सात जणांना याच वर्गातून निवडले, ते काही केवळ शौर्यासाठी नव्हे. अग्निबाण वेग घेतो तेव्हा शरीर आपल्या वजनाच्या तिप्पट-चौपट जड होते. लढाऊ विमान झटक्याने वळताना हा भार वैमानिकाच्या अंगवळणी पडलेला असतो. काही बिघडले की न घाबरता, ठरल्या क्रमाने एकेक कळ दाबावयाची, ही सवयही त्याला असते. आणि चाचणी-वैमानिकाला तर यंत्राचे दोष अचूक टिपून सांगण्याची शिस्त लागलेली असते.

परंतु आम्हांला येथे आणखी एका नावाचे स्मरण करावयाचे आहे. शर्मांबरोबर रवीश मल्होत्रा यांनीही मॉस्कोजवळच्या तारानगरीत तेच शिक्षण घेतले, तीच रशियन भाषा आत्मसात केली. ते राखीव होते; उड्डाण त्यांच्या वाट्याला आले नाही. इंदिराजींना शर्मांनी अंतराळातून दिलेले उत्तर सर्वांच्या ओठांवर आहे. मल्होत्रांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

खुद्द शर्माही सत्कारात रमले नाहीत. १९८७ पासून १९९२ पर्यंत ते नाशिकजवळच्या ओझरच्या विमान-कारखान्यात मुख्य चाचणी-वैमानिक होते. अंतराळ पाहून आलेला मनुष्य पुन्हा नव्या विमानांचे गुणदोष तपासू लागला!

पुढे एकेचाळीस वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, खडकवासल्याचेच शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचले. ते तेथे अठरा दिवस राहिले. त्यांचे राखीव साथीदार होते प्रशांत नायर. शुक्ला आणि नायर दोघेही गगनयानासाठी निवडलेल्या चौघा चाचणी-वैमानिकांपैकी.

या चौघांतून उद्या कोणी आपल्याच यानाने झेप घेईल, तेव्हा आपण हर्षभराने टाळ्या वाजवूच. पण त्या टाळ्यांतला वाटा खाली उभ्या राहिलेल्या राखीव गड्यालाही पोहोचला पाहिजे. फड एकाच्या नावाने गाजतो. तालीम मात्र दोघांनी केलेली असते.