शेतीच्या जोडीस लहान धंदा : आरंभ व वाढ

शेतीस एखादा जोडधंदा असावा, हे शेतकरी बंधूंस पटवून देण्याची आता गरज राहिलेली नाही. प्रश्न उरतो तो आरंभ कोठून करावा आणि पाऊल किती पुढे टाकावे, एवढाच. पुष्कळजण प्रथम यंत्र घेतात, मग छप्पर उभारतात आणि गिऱ्हाईक शोधावयास सर्वांच्या शेवटी निघतात. आमच्या मते हा क्रम अगदी उलटा आहे.

या बाबतीत कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १८८८ साली बेळगावास त्यांचे सायकलींचे दुकान निघाले, तेव्हा ते स्वतः मुंबईस शिक्षकाची नोकरी करीत होते. ते मुंबईहून सायकली पाठवीत व बंधू रामूअण्णा त्या बेळगावास विकीत. चालती मिळकत न सोडता धंद्याची परीक्षा पाहण्याचा हा मार्ग होय. पुढे त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले व १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी लोकांची समजूत असल्यामुळे पहिला नांगर खपावयास सुमारे २ वर्षे लागली, असे सांगतात. बेळगावची जागा सोडणे भाग पडल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळील निवडुंगाचा माळ दिला व १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. दुकानापासून वाडीपर्यंत २२ वर्षे गेली, ही गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी.

आता आपल्या आवाक्यातील धंदा घेऊ. ज्यांच्या घरी भुईमूग पिकतो, त्यांस तेलाचा धंदा सुचणे साहजिक आहे. परंतु घाणा लगेच विकत घेऊ नये. पहिल्या वर्षी थोड्या शेंगा दुसऱ्याच्या घाण्यावर मजुरी देऊन गाळून आणाव्या व ते तेल ओळखीच्या घरी रोखीने विकून पाहावे. १०० किलो वाळलेल्या शेंगांपासून साधारण ७० किलो दाणे निघतात, आणि लाकडी घाण्यावर त्यांचे २६ ते २८ किलो तेल पडते. बाकी पेंड राहते. ती जनावरांस उपयोगी असल्याने तिची किंमत धरल्यावाचून हिशेब पुरा होत नाही. दाणे खवट किंवा बुरशी आलेले असल्यास मात्र ते घाण्यात मुळीच घालू नयेत. त्या बुरशीचे विष माणसांस व जनावरांस दोघांसही अपाय करते.

हिशेबाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरी फसगत येथेच होते. शेंगा घरच्या म्हणून त्यांची किंमत वहीत मांडावयाची नाही, अशी रीत सर्रास आढळते. मग तेलाचा सर्व पैसा नफाच वाटू लागतो. वस्तुतः त्या दिवशी बाजार समितीत जो भाव असेल, त्या भावाने धंद्याने शेतीकडून शेंगा विकत घेतल्या, असे लिहावे. घरच्या माणसांची मजुरीही मांडावी. इतके करून जे उरेल तोच धंद्याचा नफा. काही उरत नसेल तर शेंगा तशाच विकणे बरे, व हे घाणा घेण्यापूर्वी कळले तर पुष्कळच वाचले. उधारीची खतावणी निराळी ठेवावी. न वसूल झालेली उधारी ही शिल्लक नव्हे.

दोन-तीन हंगाम नफा दिसला, गिऱ्हाईक आपण होऊन विचारीत येऊ लागले आणि मजुरीचा खर्च डोळ्यांत भरू लागला, म्हणजे घाणा घेण्याची वेळ आली असे समजावे. निम्मी रक्कम तरी साठलेल्या नफ्यातून असावी. उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढणे झाल्यास ते यंत्राच्या तारणावर मिळते का, हे आधी पाहावे. महसुली दफ्तरात आमचे आयुष्य गेले आहे. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढण्यास फार दिवस लागत नाहीत. तो उतरविण्यासाठी मात्र मुलांस खेपा घालाव्या लागतात, हे आम्ही नित्य पाहिले आहे. जमीन द्यावयाचीच झाली तर सर्व गट एकदम तारण देऊ नयेत. एखादा जिराईत तुकडा द्यावा, विहिरीची बागाईत मोकळी ठेवावी, आणि फेड पुरी होताच बँकेचा दाखला तलाठ्याकडे देऊन बोजा कमी झाल्याचा फेरफार स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावा.