जुन्या कार्डांची पाठ : छायाचित्रे, पोस्टकार्डे व जाहिरातकार्डे यांतील मराठी

मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या रद्दीवाल्याच्या गाळ्यात कागदांचे गठ्ठे उलगडले असता तीन प्रकारची कार्डे बहुधा एकत्रच हाती लागतात : पुठ्ठ्यावर चिकटविलेली व्यक्तींची छायाचित्रे, सचित्र पोस्टकार्डे आणि व्यापाऱ्यांनी गिऱ्हाइकांना वाटलेली जाहिरातीची कार्डे. संग्राहक कार्ड उचलतो, समोरचे चित्र न्याहाळतो आणि भाव करतो. पाठ उलटून पाहिली जाते ती डाग किंवा चीर आहे काय, एवढे पाहण्यापुरतीच. पाठीवर शाईने मजकूर लिहिलेला असला, तर पुष्कळदा कार्डाची किंमत उतरते. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने हा हिशेब नेमका उलटा आहे.

मराठी गद्याच्या इतिहासाची जी साधने अभ्यासकांपुढे आहेत, ती मुख्यतः दप्तरे, बखरी, ग्रंथ व नियतकालिके ही होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे सामान्य मनुष्य रोजच्या व्यवहारात कसे लिहीत होता, याचा पुरावा त्यांत फारसा सापडत नाही. खाजगी पत्रे सापडतात. परंतु ती बहुधा थोरांची, आणि संपादकांच्या हातून शुद्धलेखनाचा संस्कार होऊन आलेली असतात. टपालातून गेलेल्या कार्डावर मात्र मूळ हस्ताक्षर असते, आणि टपालखात्याने आपल्या शिक्क्याने त्यावर स्थळ व दिनांक नोंदवून ठेवलेला असतो. स्थल-काल निश्चित असलेला, कोणीही न सुधारलेला असा मजकूर बोलीच्या व लेखनपद्धतीच्या अभ्यासकास दुसरीकडे क्वचितच मिळेल.

या वस्तूंचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येईल. पुठ्ठ्यावरील लहान छायाचित्रांचा प्रकार पॅरिसच्या दिस्देरी याने १८५४ साली स्वतःच्या नावे नोंदविला. भेटीच्या कार्डाएवढे, म्हणजे सुमारे ६४ × १०० मिलिमीटरचे, हे पुठ्ठे स्वस्त असल्यामुळे घरोघर पोहोचले. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था त्याच वर्षी स्थापन झाली होती. पोस्टकार्ड प्रथम निघाले ते ऑस्ट्रिया-हंगेरीत, १ ऑक्टोबर १८६९ रोजी. हिंदुस्थानात ते १८७९ साली आले, आणि त्याची किंमत पाव आणा होती. आरंभीच्या कार्डांवर एक बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे. सचित्र कार्डावर दुसरी बाजू चित्राने व्यापल्यामुळे लिहिणाऱ्याला चित्राच्या कडेची कोरी पट्टी तेवढी उरे. १९०२ साली ब्रिटनने पत्त्याच्या बाजूचे मध्यरेषेने दोन भाग करून डावीकडे मजकूर लिहिण्यास परवानगी दिली आणि पुढील काही वर्षांत इतर देशांनीही तसेच केले. मध्यरेषा आहे की नाही, हा कालनिर्णयाचा पहिला आणि सर्वांत सोपा दुवा होय.

मुंबईच्या कार्डांचा विचार करताना छापखान्यांकडे पाहावे लागते. १८९४ साली मुंबईत निघालेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीस हलविलेला रविवर्मा छापखाना देवदेवतांच्या शिळाछाप चित्रांसाठी प्रसिद्ध आहे; त्या छापखान्याची पोस्टकार्डेही संग्रहांतून आढळतात. क्लिफ्टन आणि कंपनी ही मुंबईची छायाचित्रकारांची पेढी शहरातील इमारती व रस्ते यांची कार्डे काढीत असे. लंडनच्या राफाएल टक कंपनीनेही हिंदुस्थानविषयक मालिका काढल्या. परंतु तिचे लंडनमधील कार्यालय २९ डिसेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात जळाल्यामुळे तिच्या कामाचा इतिहास आता मुख्यतः शिल्लक कार्डांवरूनच जुळवावा लागतो. महायुद्धापूर्वीची पुष्कळशी रंगीत कार्डे जर्मनीत छापून येत. म्हणजे छायाचित्र मुंबईचे, छपाई सॅक्सनीची, शीर्षक इंग्रजी आणि मजकूर कोणाचाही, अशी चार ठिकाणची सामग्री एका कार्डावर जमलेली असते.

यांतील शीर्षके स्वतंत्र लक्ष देण्याजोगी आहेत. ‘धोबी’, ‘भिस्ती’, ‘आया’, ‘फकीर’ अशा एकेका शब्दाखाली माणसे उभी केलेली दिसतात. ही शब्दावली मराठीची नव्हे. ती गोऱ्या साहेबाच्या घरातील व्यवहारभाषेची आहे. ‘भिस्ती’ फारसीतून आलेला, ‘आया’ पोर्तुगीजातून. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात जे शब्द गोळा झाले आहेत, तेच पुढे कार्डांच्या तळाशी उतरले. कार्ड काढणाऱ्याला माणूस नको होता, नमुना हवा होता. म्हणून व्यक्तीचे नाव जवळजवळ कधीच दिलेले नसते. महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारख्या मराठी चित्रकाराने मुंबईच्या लोकजीवनावर काढलेल्या चित्रांची कार्डे विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली, तेव्हा त्यांवरही शीर्षके इंग्रजीच आली. चित्रातील लुगड्याचा घोळ आणि चालण्यातली ढब मराठी माणसाच्या नजरेने टिपलेली आहे, खालचा शब्द मात्र परक्या गिऱ्हाइकासाठी आहे. चित्राची सूची करताना हे शीर्षक जसेच्या तसे चित्राचे ‘नाव’ म्हणून उतरवून घेण्याची प्रथा आहे. ती सोडून शीर्षक हा प्रकाशकाचा मजकूर म्हणून वेगळा नोंदविणे आवश्यक आहे.

कालनिर्णयाच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती चित्राचा काळ, छपाईचा काळ आणि टपालात टाकल्याचा काळ एकच मानल्याने. अपोलो बंदराचे एखादे कार्ड घ्यावे. चित्रात ताजमहाल हॉटेल आहे, परंतु गेटवे ऑफ इंडिया नाही. हॉटेल डिसेंबर १९०३ मध्ये उघडले आणि गेटवेचे बांधकाम १९२४ साली पुरे झाले, तेव्हा छायाचित्र या दोन वर्षांच्या दरम्यानचे ठरते. रस्त्यावर घोड्याची ट्राम दिसली, तर मर्यादा आणखी आखडते. कारण मुंबईतील घोड्यांची ट्राम १९०५ साली बंद झाली व विजेची १९०७ साली सुरू झाली. आता पाठीवर पंचम जॉर्जचे तिकीट असेल, तर कार्ड १९११ पूर्वी टपालात पडलेले नाही. देशातल्या देशात पाठविलेल्या त्या कार्डावर अर्धा आणा हशील भरलेले असेल, तर वर्ष १९२२ पर्यंत खाली येते. कारण पाव आण्याचा दर त्या वर्षी अर्ध्या आण्यावर गेला. अशा रीतीने सतराअठरा वर्षांपूर्वीची मुंबई दाखविणारे कार्ड कोणी तरी निःशंकपणे दुकानातून विकत घेतलेले असते. छापखान्याचा साठा संपेपर्यंत ते चित्र ‘आजचे’च असे.

जाहिरातकार्डांवर शिक्का नसतो, आणि तेथे भाषेचाच आधार घ्यावा लागतो. पत्ता, किंमत आणि लेखनपद्धती हे तीन दुवे येथे उपयोगी पडतात. पत्त्यात ‘मुंबई ४’ किंवा ‘पुणे ३०’ असा लहान आकडा असेल, तर कार्ड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू होण्यापूर्वीचे असण्याचा संभव मोठा. गिरगावचा ‘४’ पुढे ४००००४ मध्ये शेवटी जाऊन बसला. किंमत ‘१॥ रु.’ अशी दंडांच्या खुणेने लिहिलेली असेल, तर दीड रुपया वाचावयाचा, आणि काळ साधारणतः १ एप्रिल १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीचा धरावयाचा. ‘नवे पैसे’ हा शब्द आला, तर काम अगदीच सोपे होते, कारण ते विशेषण १९६४ साली गळून गेले. ‘ट. ख. निराळा’, ‘व्ही. पी.ने मागवावे’, ‘एजंट नेमणे आहेत’ ही त्या कार्डांची ठरीव वाक्ये. व्ही. पी.ची सोय टपालखात्याने १८७७ सालीच केली होती आणि मराठी व्यापाऱ्याने तिचे संक्षिप्त रूप इतके आपलेसे केले की, मूळ शब्द काय होते हे मागविणाऱ्यास ठाऊक असण्याची गरजच उरली नाही.

लेखनपद्धतीचा दुवा अधिक नाजूक आहे. ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘येथें’, ‘घरांतील’ अशी अनुच्चारित अनुस्वारांची रूपे दिसली की ते कार्ड १९६२ पूर्वीचे, असा निर्णय चटकन दिला जातो. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते अनुस्वार त्या वर्षी काढून टाकले, हे खरे. परंतु नियम झाला म्हणजे हात बदलला असे होत नाही. छापील कार्डाची अक्षरजुळणी करणारा कामगार जुन्या शाळेत शिकलेला असेल, किंवा दुकानदाराने आपल्या वडिलांच्या वेळचाच मसुदा पुन्हा छापावयास दिला असेल. उलट, १९६२ पूर्वीही हे अनुस्वार गाळणारे लेखक व मुद्रक होतेच. ‘अि’, ‘अु’ अशी सावरकरप्रणीत अ-च्या बाराखडीची अक्षरे आढळली तर पुरावा अधिक बळकट मानावा, कारण ‘किर्लोस्कर’ मासिकासारख्या प्रकाशनांनी ती काही काळ स्वीकारली तरी सार्वत्रिक प्रचारात ती टिकली नाहीत. सारांश, छापील अनुस्वार काळ सुचवितो, सिद्ध करीत नाही. आणि हस्तलिखित कार्डात तर तो लिहिणाऱ्याच्या शाळेचा काळ सांगतो, लिहिण्याचा नव्हे. सत्तर वर्षांचे आजोबा १९७० साली ‘कांहीं’ असेच लिहीत. एकाच कुटुंबातील तीन पिढ्यांची कार्डे एकत्र मिळाल्यास नियम घरात केव्हा शिरला, हे वर्षावर्षाने मोजता येईल. म्हणूनच गठ्ठा फोडून एकेक कार्ड विकले जाते, तेव्हा चित्रे सर्व शिल्लक राहतात आणि पुरावा नाहीसा होतो.

कार्डाच्या जागेने मराठी पत्रलेखनास जो आकार दिला, तो तर ग्रंथांतून दिसणारच नाही. ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा दरबारी मायना कार्डावर ‘सा. न. वि. वि.’ एवढा आटला. ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ याचे ‘अ. उ. आ.’ झाले. ‘ती.’, ‘चि.’, ‘सौ.’ आणि ‘रा. रा.’ या आद्याक्षरांत नात्याची सारी उतरंड मावली. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा : पिता व माता यांस ‘तीर्थरूप’ आणि इतर वडीलधाऱ्यांस ‘तीर्थस्वरूप’ असे लिहिण्याचा संकेत होता, परंतु ‘ती.’ या संक्षेपात दोन्ही सारखेच दिसू लागले. संक्षेपाने भेद पुसला आणि पुढे विस्ताराने लिहितानाही पुष्कळांचा गोंधळ होऊ लागला. शब्दरूपांच्या इतिहासात लेखनसाहित्याचा असा हात क्वचितच इतका स्पष्ट दिसतो. कार्ड उघडे असल्यामुळे ते टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणीही वाचील, हेही लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असे. ‘तिकडील गोष्ट समजली’, ‘सविस्तर भेटीअंती’ अशी आडून बोलणारी वाक्ये कार्डांत वारंवार येतात, त्यामागे ही सावधगिरी आहे.

अशा साधनाची आज होणारी हेळसांड पाहिली म्हणजे खेद वाटतो. तिकीट मौल्यवान वाटल्यास कोपरा कापला जातो आणि त्याबरोबर शिक्क्यावरचे गाव व तारीख जाते. आल्बममधून छायाचित्र ओढून काढताना पाठीवरील चित्रशाळेचा पत्ता आणि घरच्या कोणी पेन्सिलीने लिहिलेली नावे काळ्या पानालाच चिकटून राहतात. संगणकावर प्रती साठविताना देखील समोरचीच बाजू घेतली जाते. निदान दोन्ही बाजूंची प्रत घेणे, गठ्ठा कोठून आला व त्यात आणखी काय होते याची नोंद ठेवणे, कार्डावर लिहावेच लागले तर मऊ पेन्सिलीने लिहिणे, एवढे कोणासही करता येईल. डिंक आणि चिकटणारी प्लॅस्टिकची पाने टाळावीत. पावसाळ्यात ओल आणि कसर यांपासून जपण्यासाठी कार्डे भिंतीपासून दूर, कोरड्या कपाटात ठेवावीत. अलीकडच्या काळातील पत्रांतील व्यक्ती किंवा त्यांची मुले हयात असू शकतात. प्रसिद्धीच्या वेळी त्यांची नावे झाकणे हे अभ्यासकाचे कर्तव्यच आहे.

संग्रहाच्या आधारे निष्कर्ष काढताना एका उणिवेचा विचार करावाच लागतो. लग्नाची, बारशाची, परीक्षेच्या निकालाची, यात्रेहून सुखरूप परतल्याची कार्डे विपुल सापडतात. मृत्यूची वार्ता देणारी कार्डे मात्र जवळजवळ नसतातच. अशा कार्डावर मथळ्यास ‘श्री’ घालीत नसत, ओळखण्यासाठी त्याचा एक कोपरा फाडलेला असे, आणि वाचून झाल्यावर ते घरात न ठेवता नष्ट करीत. ‘देवाज्ञा झाली’ या शब्दप्रयोगाभोवतीची वाक्यरचना, आप्तांस धीर देण्याची भाषा, अशौचाच्या दिवसांच्या सूचना, हे सारे कार्डावर लिहिले गेले असूनही संग्रहात आले नाही. ज्यांपैकी एखादे चुकून राहिले असेल, त्याची वाट बाजारातही सोपी नाही. कारण संग्राहकाच्या प्रतवारीत कोपरा फाटलेले कार्ड सर्वांत खालच्या पायरीवर असते.