दोरी, साप आणि हातातली काठी

भिवंडीत आमच्या चाळीत मागावर काम करणारे एक काका राहत. बारा तासांची पाळी संपवून ते घरी येत, जेवत आणि अंथरुणाला पाठ टेकताच बायकोला विचारत, ‘‘शेजारचा कारखाना चालू झाला का गं?’’ काकू म्हणत, ‘‘लाइट कुठं आहे माग चालायला? भास होतोय तुम्हाला. झोपा आता.’’

काकूंचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे. पण शब्द त्यांनी नेमका वापरला होता. ‘भ्रम झालाय तुम्हाला’ असे त्या म्हणाल्या असत्या, तर काकांना राग आला असता. भास कानाला होतो, डोळ्याला होतो. त्याचा ठपका माणसावर येत नाही. भ्रम मात्र बुद्धीपर्यंत पोचतो आणि ‘भ्रमिष्ट’ म्हटले, की सगळा माणूसच त्यात बुडतो. ‘भासिष्ट’ असे कोणी कोणाला म्हटल्याचे ऐकिवात आहे का?

अर्थात, भास म्हणून सगळेच झटकून टाकणेही बरे नव्हे. मागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम केले, की आतल्या कानातील नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. ऐकू कमी येऊ लागते आणि शांततेत कानात शिट्टी किंवा गुणगुण सुरू राहते. काकांना ‘झोपा’ म्हणण्याऐवजी कोणी कानाच्या डॉक्टरकडे नेले असते तर? पण त्या काळी गाळ्यात कामगाराच्या कानाची चिंता करतो कोण!

भ्रमाला मात्र काहीतरी वस्तू लागते. आपल्याकडे वेदान्त्यांनी दोरी आणि सापाचे उदाहरण पिढ्यान् पिढ्या घोटले आहे. अंधारात दोरी पडलेली असते, म्हणूनच साप दिसतो. दोरीच नसेल तर भ्रम कशाचा? भिवंडीच्या गाळ्यातही अशी दोरी असे. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड आपल्याला सलग वाटला, तरी तो सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होत असतो. त्या लुकलुकण्याशी फिरणाऱ्या चाकाचा वेग जुळला, तर चाक थांबल्यासारखे दिसते, कधी उलटे फिरतानाही दिसते. चाक थांबले समजून कोणी हात घातला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून कारखान्यांत शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडण्याची पद्धत आली. हा झाला दृष्टिभ्रम. त्यावर उपाय एकच, उजेड सुधारा!

मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत या शब्दांची आणखी बारीक वाटणी केलेली आढळते. दोरीचा साप झाला तर ‘भ्रम’. दोरी नसतानाच साप दिसला तर ‘निर्वस्तुभ्रम’. हा शब्द तोंडात घोळत नाही, पण अर्थ चोख सांगतो. कोठे कोठे त्यालाच ‘विभ्रम’ म्हणतात आणि मग आमच्यासारख्यांची पंचाईत होते. कारण विभ्रम म्हटले, की आम्हांला नायिकेच्या डोळ्यांचे विभ्रमच आठवतात! तिसरा शब्द ‘संभ्रम’. वर्तमानपत्रात ‘मतदारांत संभ्रम’ असे छापले, की त्याचा अर्थ गोंधळ. मानसशास्त्रातला संभ्रम याच्या अगदी उलट असतो. तिथे गोंधळ नावालाही नसतो, खात्रीच खात्री असते. शेजारी माझ्या जेवणात विष घालतात, अशी एखाद्याची खात्री झाली, की त्याच ताटातला घास तुम्ही खाऊन दाखवला तरी उपयोग नसतो. तुम्हीही त्या कटात सामील आहात, एवढेच त्यातून सिद्ध होते. म्हणून अशा रुग्णाशी वाद घालू नका, त्याची भीती समजून घ्या आणि उपचाराला न्या, असे डॉक्टर सांगतात. घरची माणसे मात्र ‘वेड्या, भास आहे तो’ म्हणत बसतात आणि तेवढे दिवस वाया जातात.

आता एक दिवस आठवून पाहा. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. त्या दिवशी चमच्यातले दूध कमी होताना ज्यांनी पाहिले, त्यांचे डोळे बिघडले होते काय? मुळीच नाही. दूध खरेच कमी होत होते. पृष्ठताणाने ते मूर्तीकडे ओढले जाई आणि पातळ थराने तिच्या अंगावरून खाली ओघळे. दुधात रंग मिसळल्यावर तो ओघळ स्पष्ट दिसला. पाहण्यात चूक नव्हती, पाहिलेल्याला लावलेल्या अर्थात होती. त्याला भास किंवा भ्रम म्हणणे म्हणजे रांगेतल्या माणसावर अन्याय. ती समजूत होती, आणि चुकीची होती.

समजुतीच्या घरातली माणसे ओळखायची तर त्यांची क्रियापदे पाहावीत. गैरसमज ‘होतो’ आणि ‘दूर करता येतो’; दोन वाक्ये समोरासमोर बोलली, की बहुधा भागते. पूर्वग्रह मात्र आपण ‘बाळगतो’, लहान मूल किंवा कुत्रे बाळगावे तसा, खाऊपिऊ घालून. आणि अफवा? ती ‘उठते’ नि ‘पसरते’. कोणी उठवली, याचा पत्ता त्या क्रियापदात नाही. अफवा हा शब्द मूळ अरबी. त्याचा तिथला अर्थ आहे ‘तोंडे’, अनेकवचनात!

ही तोंडे काय करू शकतात, हे भिवंडीने पाहिले आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी गावात दंगल पेटली. जळगाव आणि महाडही त्यात होरपळले. चौकशीसाठी न्यायमूर्ती दि. प. मादन यांचा आयोग नेमला गेला. दंगल एका दिवसात उसळली असली, तरी तिच्यामागे वर्षांचा तणाव साचत आला होता, हे आयोगाने तपशिलाने मांडले. मे १९८४ मध्ये पुन्हा तेच झाले आणि ते लोण ठाण्या-मुंबईपर्यंत गेले. यातल्या कोणाच्या डोळ्यांना भास झाला नव्हता. मनात बाळगलेले आधीचे काही होते, म्हणून कानावर पडलेले लगेच खरे वाटले.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतले साधे रहिवासी आणि पोलीस एकत्र बसू लागले. नळाचे, गटाराचे, भांडणाचे प्रश्न निघू लागले, ओळखी झाल्या. पुढे ६ डिसेंबर १९९२ नंतर मुंबई जळत होती, तेव्हा ज्या गावाची सगळ्यांना धास्ती होती ते भिवंडी शांत राहिले. यामागे इतरही कारणे असतील. पण माझ्या मते मोठी गोष्ट एवढीच घडली होती, की कानावर काही आले तर पलीकडे जाऊन ज्याला विचारता येईल, असा एक ओळखीचा माणूस प्रत्येक गल्लीत तयार झाला होता.

ही सोय नसली तर काय होते? धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारी टोळी समजून ठार मारले. मोबाइलवरून तशी अफवा आधीच फिरत होती. गावकऱ्यांनी पाच अनोळखी माणसे पाहिली, ती बरोबरच पाहिली. दोरीचा साप अंधारात होतो. हे तर दिवसाढवळ्या झाले, आणि हातात काठी होती.

१९८४च्या संचारबंदीत आमच्याकडचे सगळे माग बंद होते. काकांना तरीही रात्री आवाज येत असे. एका रात्री मात्र तो सगळ्यांनाच आला, लांबून, माणसांचा. ‘ते येताहेत’ असे कोणीतरी जिन्यात ओरडले. पुरुषांनी हाताला लागेल ते उचलले. काकू मागच्या खिडकीशी गेल्या आणि बोळापलीकडच्या खिडकीवर हळूच टकटक केली. तिथे एक मोमीन कुटुंब राहत असे.

‘‘भाभी, तुमच्याकडं काय ऐकलंत?’’

बऱ्याच वेळाने दार किलकिले झाले.

‘‘हमने तो सुना, आप लोग आ रहे हैं.’’