कानाच्या पाळीवरची गाठ

कान टोचल्यावर काही मुलींच्या पाळीवर टणक, खाजरी गाठ येते आणि महिन्यागणिक वाढते. हा केलॉइड, म्हणजे जखमेची हद्द ओलांडून वाढलेला वण. तो कर्करोग नव्हे, संसर्गजन्यही नव्हे. मुलीचे लग्न ठरत असले की घरची मंडळी म्हणतात, ‘कापून टाका एकदाची!’ इथेच फसगत होते. नुसती कापलेली गाठ बऱ्याचदा पुन्हा येते, कधी आधीपेक्षा मोठी. त्याऐवजी स्टेरॉइडचे इंजेक्शन थेट गाठीत, साधारण ४ आठवड्यांनी एकदा, असे काही महिने देतात. दुखते खरे, पण गाठ हळूहळू बसते. कापायचीच झाली, तर नंतर इंजेक्शने किंवा पाळीला दाब देणारी क्लिप हवी. चुना, ॲसिड लावून गाठ जाळणे मात्र नको. त्या जखमेवर नवा केलॉइड उठू शकतो.